तू, तूं, तुम्ही आणि तुमी

(मंडळाच्या गणेशोत्सवात आमोणे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीनंतर आणि जेवणाआधी बोलायला उभं राहणं म्हणजे धाडसच आहे. पानं घेण्याची तयारी चाललेली मला इथून दिसते आहे. पण विषय असा निवडला आहे, की जो पानावर बसल्यावरही चालू राहील. विषय आहे समोरच्या माणसाला हाक कशी मारायची, आणि हाक मारल्यावर क्रियापदाचं शेपूट कसं लावायचं. तू की तुम्ही, आलास की आला, आलात की आले. व्याकरणाचा तास घेणार नाही. सव्वीस वर्षं घेतले, आता पुरे.

सुरुवात बाप्पापासूनच करू. आरत्यांमध्ये आपण त्याला सरळ ‘तू’ म्हणतो. घरात मखरापुढे हात जोडून काही मागायचं असेल तेव्हाही ‘देवा, तू बघ रे बाबा’ असंच तोंडात येतं. आणि विसर्जनाच्या दिवशी, ट्रकवर चढवल्यावर, पुढच्या वर्षी लवकर ‘ये’ म्हणत नाही आपण, ‘या’ म्हणतो. घरात असताना लेकरू, निघताना पाहुणा! दहा दिवसांत असं काय झालं, की एकदम अहो-जाहो सुरू झालं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण हे सांगते, की मराठी माणसाच्या मनात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा हिशोब लहान-मोठा एवढाच नसतो. जवळ-लांब, आत-बाहेर, एकटं-चारचौघांत असे पुष्कळ कप्पे त्यात असतात. आणि हे कप्पे साताऱ्यात एका तऱ्हेने लावलेले असतात, नागपुरात दुसऱ्या, आणि इथे आमोण्यात तिसऱ्याच.

आपल्यातले बरेचजण १९९० नंतरच्या दशकात नावेली-आमोण्याच्या कारखान्यामुळे इथे आले. कोणी खाणींमुळे, कोणी बँकेच्या बदलीने, कोणी शाळेत शिक्षक म्हणून त्याआधीच आले होते. मी आले १९९३ साली, साताऱ्याकडून. आपल्या या मंडळात कोल्हापूर आहे, बेळगाव आहे, विदर्भ आहे, खानदेशातली दोन घरं आहेत, आणि सावंतवाडी-कुडाळकडचे तर निम्मे. म्हणजे विषयासाठी नमुने गोळा करायला मला कुठे लांब जावं लागलं नाही. आपल्या स्वयंपाकाच्या कमिटीच्या बैठकीत बसलं की झालं.

एकच साधं वाक्य घ्या. कोणी दारात आलं, की आपण विचारतो, कधी आलास? पुण्या-साताऱ्यात बाईमाणसाला ‘कधी आलीस’, पुरुषाला ‘कधी आलास’, मोठ्यांना ‘कधी आलात’. नागपूरचा माणूस विचारतो, ‘तू कधी आला?’, ‘तुम्ही कधी आले?’ तो शेवटचा स आणि त त्याला लागतच नाही. पुणेकराला वाटतं, हा आपल्याशी बोलतोय की तिसऱ्याच कोणाबद्दल विचारतोय! खानदेशात याच्या उलट गंमत. अहिराणीत तो स आहे, पण ‘मी करस, तू करस, तो करस’ असा तिघांनाही लागतो, त्यामुळे ‘तू’ची ओळख म्हणून तो निरुपयोगी. कुडाळ-सावंतवाडीला ‘तू कधी इलंस?’ आणि ‘खंय जातंस?’ आणि कोल्हापूर-बेळगावकडे तर बायका स्वतःबद्दलच ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. माझ्या सासरच्या एका लग्नात कोल्हापूरची व्याहीण ‘मी उद्या येतो’ म्हणाली, तेव्हा आमच्याकडच्या पोरांनी पदरामागे तोंडं लपवली होती. शेजारी कन्नड आहे, आणि कन्नडात मी-तू बोलताना क्रियापदाला स्त्री-पुरुष भेदच नाही, त्याचा हा परिणाम असं काहीजण मानतात. असेल.

आता इथल्या भाषेकडे येऊ. कोकणी ही स्वतंत्र भाषा की आणखी काही, हा वाद मी आज इथे काढणार नाही. मोदक गार होतील. ज्यांनी कोकणीची बाजू सर्वांत जोरात मांडली ते शणै गोंयबाब आपल्याच डिचोलीत १८७७ साली जन्मले, आणि याच डिचोली तालुक्यात देवळादेवळांत मराठी भजन, मराठी कीर्तन आणि मराठी नाटक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, एवढं दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा केली आणि मराठीचीही सोय ठेवली. घरात कोकणी बोलायची आणि लिहायला-वाचायला मराठी घ्यायची, ही इथल्या घरांची जुनी रीत. आणि आपल्या विषयाची सगळी गंमत या दोघींच्या मधल्या उंबऱ्यावर आहे.

इथला माणूस विचारतो, ‘तूं केन्ना आयलो?’ बाईला, ‘तूं केन्ना आयली?’ काही घरांत ‘आयलोस’ असंही ऐकू येतं, पण रोजच्या बोलण्यात तो स बहुधा गळालेला. ‘तूं खंय वता?’ आणि ‘तो खंय वता?’ यांत क्रियापद एकच. आणि अनेकवचनात तर फारच सुटसुटीत कारभार: ‘आमी वतात, तुमी वतात, ते वतात.’ तिघांना एकच रूप. मराठीत याच जागी तीन वेगवेगळी: आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात.

इथे मी शिक्षिका म्हणून थोडी रेंगाळणार आहे. तालुक्यात जितकी वर्षं मराठी शिकवली, तितकी वर्षं दर जूनमध्ये एक वाक्य मला वहीत भेटलं आहे: ‘आम्ही रोज शाळेत जातात.’ नवा शिक्षक घाटावरून आला, की पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो, आणि मुलांना ‘साधं कर्ता-क्रियापद येत नाही’ म्हणतो. खरं तर त्या मुलाला ते पक्कं येतं. त्याच्या घरातल्या व्याकरणाप्रमाणे ते वाक्य शंभर टक्के बिनचूक आहे. त्याने फक्त ‘आमी’चं ‘आम्ही’ आणि ‘वतात’चं ‘जातात’ केलं. कापड मराठी, बेतणी कोकणी. लाल शाईने नुसती फुली मारली, तर त्याला एवढंच कळतं की आपण चुकलो. का चुकलो ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो घाबरून ‘आम्ही’ने सुरू होणारं वाक्यच टाळतो. दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, एका बाजूला घरचं, दुसऱ्या बाजूला पुस्तकातलं, आणि त्यालाच फरक सांगायला लावा. माझ्या वर्गात दिवाळीपर्यंत हे वाक्य संपत असे.

आता जरा अवघड जागा. मराठीत आपण म्हणतो: तू आंबा खाल्लास, तू पोळी खाल्लीस, तू केळं खाल्लंस, तू लाडू खाल्लेस. म्हणजे त्या एका क्रियापदात काय खाल्लं त्याचं लिंग-वचन आहे आणि वर कोणी खाल्लं तेही, त्या शेवटच्या स मध्ये. एवढंसं क्रियापद आणि दोन दोन धन्यांची चाकरी करतं. कोकणीने याची वेगळी सोय केली आहे. ‘तुवें आंबो खालो. तुवें चपाती खाली.’ इथे ‘तूं’चं ‘तुवें’ झालं, काम करणाऱ्याची खूण सर्वनामानेच घेतली, मग क्रियापदाला स कशाला हवा? खूण एकाने सर्वनामावर लावली, दुसऱ्याने क्रियापदावर. नागपूरकर म्हणतो, ‘तू आंबा खाल्ला’. त्याने ती दोन्हीकडून काढून टाकली आणि त्याचं काही अडत नाही. यात कोण शुद्ध आणि कोण अशुद्ध? हिशोब लिहायच्या पद्धती वेगळ्या, शिल्लक तीच.

आणखी एक गोष्ट, जी घाटावरून आलेल्या बायकांना सुरुवातीला फार खटकते. इथे लहान-तरुण मुलीला नपुंसकलिंगात बोलतात. ‘तें चेडूं’, ‘तें आयलें’, आणि तिलाच विचारायचं तर ‘तूं केन्ना आयलें?’ मुलगी स्वतःही म्हणते, ‘हांव आयलें’. बाई वयाने मोठी झाली, की ‘आयली’. माझी पुण्याची बहीण पहिल्यांदा इथे आली, तेव्हा शेजारच्या मावशींनी माझ्या लेकीबद्दल ‘तें किदें करता?’ असं विचारलं. बहिणीला वाटलं, मांजराबद्दल विचारताहेत. तिला मी सांगितलं, अगं, आपण नाही का लाडाने ‘काय गुणाचं पोर आहे’ म्हणत? तसंच. फक्त आपण लाडात आलो की म्हणतो, हे रोज म्हणतात. मजा अशी, की मुलगी मराठीत ‘मी आले’ लिहिते तेव्हा हा फरक दिसतच नाही, दोन्हीकडचं जुळून जातं. ‘तू कधी आलं?’ असं मैत्रिणीला पत्रात लिहिते तेव्हा कळतं, की हे पाणी कुठल्या विहिरीचं.

इथून पेडण्याकडे सरकावं, तसं हे पाणी बदलत जातं. तेरेखोलच्या पलीकडे सावंतवाडी, आणि त्या बाजूची बोली इकडे ओघळत आलेली. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींच्या पाहणीत कुडाळीवर एक अख्खं पुस्तक केलं, १९६५ साली. ज्यांना नाद असेल त्यांनी ते मिळवून पाहावं. आणि आमोण्यात उभं राहिलं तर मांडवीच्या पलीकडे खांडोळं, म्हणजे अंत्रुज महाल. आज पुस्तकी कोकणी म्हणून जी मानतात ती मुख्यतः तिकडच्या बोलीवर उभी आहे. पुलावरून दहा मिनिटांत पलीकडे जाता येतं, पण पूल होण्याआधी होडीचा प्रवास होता, आणि होडीने माणसं जातात तितकी बोली जात नाही. ज्यांच्या सुना नदीपलीकडच्या आहेत, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आता मान-अपमानाकडे. क्रियापदांवरून कोणी रुसत नाही. सर्वनामावरून घरं रुसतात.

आपल्या प्रमाण मराठीत तीन पायऱ्या आहेत: तू, तुम्ही, आणि त्याच्या वर आपण. ‘आपण बसावे’ म्हटलं, की समोरचा खुर्ची शोधू लागतो. हे ‘आपण’ मूळचं ‘स्वतः’ या अर्थाचं, संस्कृत आत्मन्‌पासून प्राकृतातून आलेलं. कोकणीत ते ‘आपूण’ अजून त्याच मूळ अर्थाने आहे. ‘आपूण येना म्हण ताणें सांगलें’, म्हणजे स्वतः येणार नाही असं त्याने सांगितलं. समोरच्याला मानाने ‘आपूण’ म्हणायची पद्धत इथे नाही, आणि ‘आपण सगळे जाऊ’ मधला ‘आपण’ही नाही, तिथे ‘आमी’च. त्यामुळे एखादे सावंतसाहेब कारखान्यातल्या नव्या पोराला अदबीने म्हणाले, ‘आपण उद्या सकाळी या’, तर त्या पोराला आधी कळतच नाही, की नक्की यायचं कोणी.

आणि दुसरं म्हणजे ‘तूं’चं राज्य इथे फार मोठं आहे. तुमी आहे, परक्याला, वडीलधाऱ्यांना वापरतात, घराघराप्रमाणे कमी-जास्त. पण ज्या ठिकाणी आपल्याकडे ‘तुम्ही’ आल्याशिवाय जीभ हलत नाही, तिथे इथला माणूस बिनधास्त ‘तूं’ म्हणतो. मान द्यायचा नाही म्हणून नव्हे. मानाची जागा वेगळी आहे म्हणून. नावापुढे ‘बाब’ लागला, ‘बाय’ लागलं, की मान पोचला. मग पुढे ‘तूं’ असो की काही असो. देवळात गाऱ्हाणं घालताना ऐका. देवाला ‘महाराजा’ म्हणतात, आणि क्रियापदं मात्र सगळी ‘कर’, ‘राख’, ‘पाव’ अशी. आमोण्याच्या बेताळापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात मान कमी आहे, असं म्हणायची कोणाची छाती आहे? सगळा मान त्या ‘महाराजा’त भरलेला आहे, सर्वनाम मोकळं.

जत्रेतल्या नाटकात तर हे रंगपटातच दिसतं. नाटक मराठी, बहुतेक वेळा ऐतिहासिक. रंगमंचावर ‘महाराज, आपण आज्ञा करावी’ म्हणणारा सरदार विंगेत येतो आणि त्याच महाराजांना म्हणतो, ‘आरे, तुजी मिशी सुटल्या.’ पुन्हा प्रवेशाची घंटा झाली, की तोच माणूस पुन्हा ‘आपण’वर. एकाच रात्री, एकाच माणसाला, पन्नास वेळा पायरी बदलतात, आणि एकदाही पाय घसरत नाही. ज्यांना वाटतं की इथल्या लोकांना मान द्यायची भाषा येत नाही, त्यांनी एकदा रात्रभर बसून असं नाटक बघावं.

पण प्रत्येक जण हे बघायला येत नाही ना! आपल्या ओळखीतल्या एका घरची गोष्ट सांगते. माणसं कळू नयेत अशी काळजी घेऊन सांगते. डिचोली तालुक्यातली मुलगी, शिकलेली, नोकरी करणारी, कऱ्हाडकडच्या घरात दिली. तिच्या माहेरी आईला, आजीला, काकूला, सगळ्यांना तूं. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात तिने सासूबाईंना विचारलं, ‘आई, तू जेवली?’ अतिशय मायेने विचारलं होतं. सासूबाईंनी काही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी मुलाकरवी निरोप आला: आमच्याकडे सासूला अरे-तुरे करत नाहीत.

त्या पोरीने मग काय करावं? तिने ‘तू’ सोडलं, पण ‘तुम्ही’ काही तोंडात बसेना. आईसारख्या बाईला ‘तुम्ही’ म्हणायचं, म्हणजे तिच्या कानाला ते भांडल्यासारखं. तिच्या माहेरी आजी रागावली, की आजोबांना ‘तुमी’ म्हणायची! म्हणून तिने दोन्ही टाळली. मराठीत हे करता येतं, तुम्ही घरी जाऊन करून बघा. ‘जेवण झालं का?’ ‘चहा ठेवू?’ ‘औषध घेतलं गेलं का?’ ‘आईंना बरं आहे ना आज?’ समोर बसलेल्या बाईशी, समोरची बाई नसल्यासारखं. सहा-सात महिने ती अशी बोलत होती. सासूला वाटलं, सून तुटक आहे. सुनेला वाटलं, सासू कडक आहे. मध्ये एक सर्वनाम अडकलं होतं.

चतुर्थीला त्या सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या. पाच दिवस राहिल्या. माटोळी पाहिली, फुगड्या पाहिल्या, आणि कान उघडे ठेवून बसल्या. सत्तर-बहात्तर वर्षांच्या घरच्या कर्त्या माणसाला त्याचा सोळा वर्षांचा नातू ‘तूं’ म्हणतो, आणि दुसऱ्या क्षणी वाकून त्याच्या पायातलं पायताण सरळ करून ठेवतो, हे त्यांनी पाहिलं. परत जाताना गाडीत सुनेला म्हणाल्या, ‘तुला काय म्हणायचं ते म्हण गं बाई मला.’ पण तोवर उशीर झाला होता. सून आता ‘तुम्ही’ म्हणते, छान म्हणते, अगदी कऱ्हाडच्या हेलात. ‘तू’ तिला आता त्यांना म्हणवतच नाही. मी भेटले तेव्हा त्या सासूबाईंनाच त्याची हळहळ वाटत होती.

हे फक्त आपलंच आहे असं समजू नका. गोव्यात फुटबॉल कळत नाही असं घर नाही, तेव्हा फुटबॉलच्याच वाटेने स्पॅनिशकडे जाऊ. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला शब्द आहे ‘तू’. अगदी तोच. पोर्तुगीजमध्येही ‘तू’. लॅटिनमधून आलेला, आणि आपल्या त्वम्‌चा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे पोर्तुगीज मांडवीत शिरले तेव्हा त्यांच्या बोटीत आणि काठावरच्या होडीत हा एक शब्द सारखाच होता. पण मेसीच्या आर्जेंटिनात हा ‘तू’ चालत नाही. तिथे म्हणतात ‘वोस’, आणि क्रियापदही वेगळं: स्पेनमध्ये ‘तू तिएनेस’, तुझ्याकडे आहे, आर्जेंटिनात ‘वोस तेनेस’. मेसी तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला, सगळं तारुण्य तिथे काढलं, पण बोलणं त्याच्या रोसारिओ गावचंच राहिलं. इथे पंचवीस-तीस वर्षं राहून भाकरी ‘बडवणाऱ्या’ आपल्या काही भगिनींना हे समजेल.

या ‘वोस’चा इतिहास बघा. एके काळी तो स्पेनमध्ये मानाचा शब्द होता, आपल्या ‘तुम्ही’सारखा. मग त्याहून मानाचं ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, असं म्हणायची टूम निघाली. तेच झिजून ‘उस्तेद’ झालं. पोर्तुगीजमधलं ‘वोसे’ही तशाच शब्दांचं झिजलेलं रूप. वरून नवा मानकरी आल्यावर ‘वोस’ खाली घसरला आणि घरगुती झाला. स्पेनने आणि स्पेनच्या दरबाराशी जवळचं नातं असलेल्या मेक्सिको आणि लिमासारख्या ठिकाणांनी तो टाकून दिला. लांबच्या मुलखांनी, आर्जेंटिना, मध्य अमेरिका यांनी, तो जपला. राजधानीपासून लांबच्या गावी जुनं टिकतं, हे आपल्याला नवं नाही. कोलंबियात बोगोटाकडे तर नवरा-बायको, भाऊ-भाऊसुद्धा एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात, म्हणजे अहो-जाहोच. आणि उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत सर्वनाम ‘तू’ घेतात आणि क्रियापद ‘वोस’चं लावतात. ‘आम्ही जातात’ लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला तिथे कोणी हसलं नसतं.

शिक्षकांनी काय केलं, तेही ऐका. चिलीमध्ये आंद्रेस बेल्यो नावाचे मोठे पंडित होते. १८४७ साली त्यांचं स्पॅनिश व्याकरण निघालं. त्यांना हा ‘वोस’ गावंढळ वाटे. शाळाशाळांतून त्याच्यावर मोहीम झाली. परिणाम काय, तर चिलीत ‘वोस’ हा शब्द मागे पडला, पण त्याचं क्रियापद खिडकीतून परत आत आलं! आज तिथली तरुण मुलं ‘तू तेनीस’ म्हणतात: सर्वनाम गुरुजींचं, क्रियापद आजीचं. आर्जेंटिनातही शाळेत ‘तू’ लिहायचं आणि मधल्या सुट्टीत ‘वोस’ बोलायचं, असं कित्येक वर्षं चाललं. शेवटी १९८२ साली तिथल्या साहित्य अकादमीने ‘वोस’ हेच आमचं प्रमाण रूप म्हणून मान्य केलं. शंभर-सव्वाशे वर्षं लाल शाई वाया गेली, असं एक शिक्षिका म्हणून मला म्हणावंसं वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला, तिकडे येते. आपली मुलं.

आपली मुलं इथे जन्मली. त्यांचे कान अंगणात तयार झाले, आणि अंगण कोकणी आहे. माझा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना आम्ही मे महिन्यात गावी गेलो. चुलतभावंडं जमली होती. हा आनंदाने धावत गेला आणि आत्तेभावाला म्हणाला, ‘अरे, तू कधी आलो?’ झालं. सगळी पोरं हसली. त्या सुट्टीत त्याचं नाव ‘आलो’ पडलं. मोठ्या माणसांनीही थांबवलं नाही. मोठी माणसंही हसत होती. आणि इकडे अंगणात त्याने चुकून ‘तू कुठे जातोस’ म्हटलं, की इथली पोरं ‘भट आयलो रे’ म्हणून चिडवणार. दोन्हीकडून टपल्या.

त्याने काय केलं? पुढच्या मे महिन्यात तो भावंडांशी इंग्रजीत बोलू लागला. इंग्रजीत बरं आहे. आई यू, शिक्षक यू, कुत्रा यू. तिथे टोपी पडायची भीतीच नाही. गंमत म्हणजे हा ‘यू’ मूळचा त्यांचा ‘तुम्ही’. त्यांचा ‘तू’ होता ‘दाऊ’, तो त्यांनी वापरून वापरून नव्हे, न वापरून संपवला. म्हणजे आमचे चिरंजीव कुत्र्याशीही अदबीने बोलत होते म्हणायचे. पण मला हसू येत नव्हतं. एक स कमी पडला म्हणून मुलाने भाषा बदलली होती, आणि आपल्या या मंडळात असं एकच घर नाही. आरतीला ही मुलं येतात, ढोल वाजवतात, लेझीम खेळतात, आणि ढोल खाली ठेवला की आपापसांत इंग्रजी. त्यांना मराठी येत नाही असं नाही. त्यांना हसून घ्यायचं नाही.

म्हणून पाहुण्यांना माझं सांगणं असतं, आणि मी ते आता तोंडावर सांगते: मुलगा ‘तू कधी आलो’ म्हणाला, तर ‘मी काल आलो’ असं उत्तर द्या. बस. पुढचं तो आपोआप ऐकून उचलतो. आणि आपल्या लोकांना सांगणं असं, की इथल्या आजीने तुम्हाला ‘तूं’ म्हटलं, तर कपाळाला आठी घालू नका. आरोग्य केंद्रात मी एक नवीन आलेले डॉक्टर पाहिले. गावातली म्हातारी त्यांना म्हणाली, ‘पुता, तूं जेवलो मरे?’ दुपारचे अडीच वाजले होते, रांग संपत नव्हती, आणि दिवसभरात त्यांना हे विचारणारी ती एकटीच होती. डॉक्टरांचा चेहरा आधी जरा कसनुसा झाला, मग खुलला. आता ते स्वतःच ‘मरे’ लावून बोलतात.

एक काम मात्र आपण मंडळ म्हणून करावं, असं मला वाटतं. आपल्यातली पहिली पिढी आता सत्तरीला आली. त्यांच्या तोंडचं ‘काय करालायस’, ‘काय करून राहिला’, ‘खंय जातंस’ त्यांच्याबरोबर जाईल, कारण मुलांकडे ते उतरलेलं नाही. मी एक दोनशे पानी वही आणली आहे. प्रत्येक घराने एक पान घ्यायचं. वर मूळ गाव लिहायचं, आणि खाली एवढंच: तुमच्याकडे आईला काय म्हणतात, सासूला काय, नवऱ्याला काय, देवाला काय, आणि ‘कधी आलास’ हे तुमची आजी कसं विचारायची. ज्या घरात सून किंवा जावई इथला आहे, त्यांनी पानाच्या दोन बाजू कराव्यात. शुद्धलेखन तपासलं जाणार नाही. वही प्रसादाच्या टेबलावर ठेवली आहे. पेन मात्र आपापलं आणा, गेल्या वर्षी देणगीच्या वहीजवळची तिन्ही गेली.

पानं घेतली वाटतं. चला.